जिभल्या

सोहारच्या यार्डात मी मार्कर आहे.
म्हणजे सपाट प्लेटवर खडूनं रेघा मारतो,
गॅसवाला त्या कापतो, रोलवाला वाकवतो,
आणि संध्याकाळी क्रेनला लटकून
सात टनांचं कोपर वर जातं.
ते सकाळी चपटं होतं, हे एकट्या मला आठवत असतं.

म्हणून वाटलं, कागद म्हणजे आपल्या हातचा मळ.

जून लागला की साडेबारा ते साडेतीन
उन्हातलं काम बंद, सरकारी हुकूम.
झोप येत नाही, रेंज येत नाही,
एसीचा थेंब बादलीत पडतो, तो तरी किती मोजायचा?
टाइमकीपर शाजीनं एक किल्ला छापून दिला,
जाड कार्डावर, पाच पानं.
कुठल्या गावचा कोण जाणे, बुरूज गोल होते.
गोल बुरूज म्हणजे रेड्यूसरच की, वर निमुळता!
फलजच्या दुकानातून कटर आणला, तीनशे बैसा.
पट्टी माझी होतीच.

कापलं. रेघेवर. मार्कर आहे मी,
अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे जाणार नाही.
कडेच्या करड्या दातऱ्या कचरा समजून
एसीच्या बादलीत टाकल्या.
मग बुरूज वळवला. कड कडेला भिडली,
साहेबाला बोलावून दाखवावी अशी भिडली.
आणि धरायला काहीच नव्हतं.

गुलजमान वरच्या बंकवरून बघत होता.
स्वातचा वेल्डर.
"वेल्ड किधर मारेगा, उस्ताद?"

त्या दातऱ्या नव्हत्या, जिभल्या होत्या.
गोंद लावून आत वळवायच्या, दिसू द्यायच्या नाहीत.
बादलीतून काढल्या तोवर लापशी झाली होती.

शाजीनं पुन्हा छापलं. काही विचारलं नाही, हसला फक्त.

आता दुमडीवर आधी संपलेली रिफील ओढतो,
शाई नको, नुसता चरा,
मग कागदाला कळतं कुठं वाकायचं.
बुरुजाचा तुकडा टेबलाच्या कडेवरून
दोनतीनदा ओढून घेतो, हळूहळू वळण लागतं,
एकदम वळवला तर सुरकुती पडते, ती मरेतो जात नाही.
गोंद काडीच्या टोकावर, तिळाएवढा.
जास्त झाला की भिंतीला घाम येतो.
हे सगळं एका दुपारी नाही कळलं.
एक अख्खा दरवाजा मी उलटा चिकटवलाय,
तो तसाच आहे, शत्रूला अवघड जाईल.

इथं कागद म्हणजे करार, मेडिकल, क्लिअरन्स.
ओळखपत्राला बताका म्हणतात.
पहिल्या दिवशी मला ऐकू आलं पताका,
वाटलं कसला तरी सण असेल.
बारा वर्षं खिशात आहे ती पताका,
फडकली कधी नाही.
ज्याच्यावर कुणाचीच सही नको
असा कागद पहिल्यांदाच हातात धरलाय,
आणि हात, सांगायला लाज वाटते, थरथरतो.

लोखंडात फट राहिली तर गुलजमान भरतो.
पलूसला दिवाळीत मातीचा किल्ला करायचो,
त्यात फट राहिली तर हळीव उगवून झाकायचे.
कागदात राहिली की राहिली.
तिच्यातून आतला अंधार दिसतो,
बोटभर किल्ल्यात एवढा अंधार कुठून येतो?

तिसरा बुरूज किंचित तिरका आहे.
गुलजमान म्हणाला, लेव्हल लगाओ.
लावली. लेव्हलच्या काचेतला बुडबुडा
बुरुजाच्या खिडकीहून मोठा निघाला.
दोघं बराच वेळ हसत बसलो.
मग त्यानंच मातकट पेन्सिल घेतली
आणि कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवू लागला,
जीभ दातांत धरून, चष्मा न लावता.

आज छप्पर. सगळ्यात शेवटचं,
आतून आधार द्यायला आता बोट जात नाही.
जिभली आत कुठंतरी वाट बघत असते,
वरून दाबायचं आणि श्वास रोखायचा.

साडेतीनची बस हॉर्न वाजवते आहे.
पुन्हा वाजवते आहे.
गुलजमान खिडकी उघडतो, गरम वारा आत येतो,
आणि तो ड्रायव्हरला ओरडून सांगतो,
"रुको भाई, उस्ताद का हाथ फँसा है!"